कॉलेज गाजवणाऱ्या अमेरिकन व्हॉलीबॉलपटू लॉरेन कार्लिनीला ऑलिंपिकसाठी एकोणतिसाव्या वर्षापर्यंत का थांबावं लागलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळताना चारही वर्षं ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत) ठरलेली सेटर, म्हणजे अटॅकरना मारायला बॉल लावून देणारी खेळाडू, थेट २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकलाच दिसते, मग मधल्या काळात ती कमी पडली का?

माझ्या मते नाही. जागाच नव्हती. मी स्वतः कॉलेजात सेटर होतो (आमच्यात लिफ्टर म्हणायचे), तोही बेताचाच. त्यामुळे बाकावर बसून दुसऱ्या सेटरकडे बघत राहणं म्हणजे काय, याचा मला भरपूर अनुभव आहे.

हिशोब साधा आहे. ऑलिंपिकच्या संघात १२ जणी. कोर्टवर आउटसाइड (कडेने मारणाऱ्या) दोन, मिडल (मधून मारणाऱ्या आणि ब्लॉक करणाऱ्या) दोन, सेटर मात्र एकच. म्हणून बारा जणींत सेटर सहसा दोनच घेतात. आउटसाइडचा दिवस वाईट गेला तर प्रशिक्षक पटकन दुसरीला आत पाठवतो. सेटर बदलायला तो दहादा विचार करतो, कारण प्रत्येक अटॅकरची उडी त्या एका सेटरच्या बॉलवर बसलेली असते. मिडल तर सेटरच्या हातात बॉल यायच्या आधीच धावायला लागते. हे जुळायला महिने जातात.

आता कार्लिनीचं कॉलेज. उंची ६ फूट २ इंच, म्हणजे सेटर पुढच्या रांगेत आली की तिच्या डोक्यावरून मारू, हा समोरच्यांचा नेहमीचा बेत तिच्यापुढे चालत नसे. २०१३ साली, पहिल्याच वर्षी, बारावं मानांकन असलेल्या संघाला तिने एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, अंतिम फेरीत नेलं. तिथे पेन स्टेटने ३-१ ने हरवलं. पलीकडे सेटर होती मायका हॅनकॉक. हे नाव लक्षात ठेवा.

कॉलेजातला तिचा शेवटचा सामना जास्त जिव्हारी लागणारा. डिसेंबर २०१६, विभागीय अंतिम फेरी, घरचं मैदान मॅडिसन, समोर स्टॅनफर्ड. विस्कॉन्सिनने पहिले दोन सेट घेतले आणि सामना २-३ असा घालवला. स्टॅनफर्डकडून त्या वर्षी कॅथरीन प्लमर नावाची पहिल्या वर्षाची मुलगी खेळत होती. स्टॅनफर्ड पुढे विजेतेपदही घेऊन गेलं. कार्लिनीला कॉलेजचं विजेतेपद मिळालं नाही ते नाहीच. पण २०१६चा सलिव्हन पुरस्कार तिला मिळाला. सगळ्या खेळांतून एकाची निवड करणारा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली व्हॉलीबॉल खेळाडू. करंडक नसलेल्या सेटरला तो मिळाला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तिचे व्हिडिओ बघाल तर बॉलमागे जाऊ नका, हात बघा. पास, म्हणजे पहिल्या स्पर्शाने तिच्याकडे येणारा बॉल, नेटजवळ नीट आला की कपाळावर बॉल घेणं कुणालाही जमतं. पास तीन मीटर मागे पडला की खरी परीक्षा. तेव्हा ती आधी पायांनी पोचते, उजवा पाय रोवते, खांदे वळवते आणि मग हात वर जातात. बॉल पुढे जाणार की डोक्यामागून मागे, हे तिच्या कोपरांवरून शेवटपर्यंत कळत नाही. समोरची मिडल ब्लॉकर त्या क्षणी अर्धं पाऊल चुकीच्या बाजूला टाकते आणि अटॅकरला एकटाच ब्लॉक मिळतो. टाळ्या अर्थातच अटॅकरला. माझी कोपरं आधीच चुगली करायची, म्हणून मी बाकावर असायचो.

एक अवांतर. २०२४ पासून अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज सामन्यांत दुसऱ्या स्पर्शाला डबल टच (बॉल एकाच खेळाडूच्या हातांना लागोपाठ दोनदा लागणं) पकडत नाहीत, बॉल आपल्याच बाजूला राहिला तर. कार्लिनीच्या वेळी ही सवलत नव्हती. खेळ कमी थांबतो हे खरं, पण मला हा बदल रुचलेला नाही. स्वच्छ हातांची किंमतच कमी झाली.

कॉलेजातून बाहेर पडल्यावरही फरक पडतो. कॉलेजात एका सेटमध्ये १५ बदल करता येतात, आंतरराष्ट्रीय सामन्यात फक्त ६. दोन सेटर आलटून पालटून खेळवणं तिथे परवडतं, पुढे नाही. शिवाय तेव्हा अमेरिकेत इनडोअरची मोठी व्यावसायिक लीगच नव्हती. कार्लिनीने इटली, तुर्कस्तान अशी परदेशातली मैदानं धरली. नवा देश, नव्या अटॅकर, नवं टायमिंग.

टोकियो ऑलिंपिकला सेटर म्हणून निवड झाली जॉर्डिन पोल्टर आणि त्याच हॅनकॉकची. पोल्टर कार्लिनीपेक्षा वयाने लहान, इलिनॉय विद्यापीठाची. अमेरिकेच्या महिलांनी तिथे व्हॉलीबॉलमधलं आपलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि पोल्टर स्पर्धेतली सर्वोत्तम सेटर ठरली. आता सांगा, कार्लिनीने वाईट कुठे खेळलं होतं?

ट्रॉफी असती तर रांग चुकली असती, असं वाटत असेल तर आधीची सेटर अलिशा ग्लास बघा. पेन स्टेटकडून २००७, २००८, २००९ अशी सलग तीन विजेतेपदं, त्यातले शेवटचे दोन हंगाम प्रत्येकी ३८-० असे अपराजित. तरी २०१२च्या लंडन ऑलिंपिकला तिची वर्णी लागली नाही; तिथे लिंडसे बर्ग आणि कोर्टनी थॉम्पसन गेल्या. २०१४ साली इटलीतल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने पहिल्यांदा विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हा सर्वोत्तम सेटर ग्लास होती. ऑलिंपिक पदक मिळालं ते २०१६ला, रिओत, कांस्य.

कार्लिनीचं नाव पॅरिसच्या यादीत आलं तेव्हाही पहिली पसंती पोल्टरच होती. दुसऱ्या सेटरचं काम बऱ्याचदा दुहेरी बदलापुरतं असतं: सेटर आणि अपोझिट (सेटरच्या तिरक्या समोरच्या जागी खेळणारी अटॅकर) दोघींना एकदम बदलायचं, म्हणजे पुढच्या रांगेत तिन्ही अटॅकर राहतात. तीन-चार रोटेशन (जागा बदलण्याच्या फेऱ्या) खेळायची आणि बाहेर यायचं. थंड हातांनी आत जाऊन पहिलाच बॉल अचूक द्यायचा, हे मला पूर्ण सामना खेळण्याहून अवघड वाटतं. अमेरिकेने उपांत्य फेरीत ब्राझीलला ३-२ ने हरवलं, अंतिम सामन्यात इटलीने ०-३ असं धुतलं. गळ्यात रौप्य.

त्याच संघात कॅथरीन प्लमर होती, २०१६ला मॅडिसनमध्ये समोरून खेळलेली. आता तिला कार्लिनी बॉल लावून देत होती. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेत लीग वन व्हॉलीबॉल ही व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा कार्लिनी कुठल्या संघातून उतरली माहितीये? मॅडिसनच्या.