नाताळातला गोवा, मुलीची भाकरी आणि दीड लाखाचं कर्ज

नमस्कार,

तुमच्या पत्रातला हिशोब आधी मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं चिंचवडला नोकरी करता, हातात महिन्याला 1,32,000 येतात. गृहकर्जाचा हप्ता 41,000, शाळा आणि पाळणाघर 19,000, घरखर्च 38,000, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) 15,000. आठ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सिलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन कधीच न चालणारा आजार, म्हणून तिच्या वेगळ्या खाण्याचे साधारण 4,500. उरतात 14,500. धाकटा चार वर्षांचा. नाताळात गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये पाच रात्री राहायचं, एकूण खर्च 1,85,000. त्यातले दीड लाख पर्सनल लोनने, नाहीतर 2,10,000 ची एफडी मोडून. हॉटेलने फोनवर ‘ग्लुटेन-फ्री मिळेल’ असं सांगितलंय, म्हणून एवढे पैसे मोजायची तुमची तयारी आहे.

माझं मत: सुट्टीला जरूर जा, पण हे रिसॉर्ट नको आणि हे कर्जही नको.

एफडीचा विषय चटकन संपवते. एसआयपी थांबवली तरी तुमचा न टळणारा खर्च महिन्याला 1,02,500 आहे. म्हणजे ही एफडी जेमतेम दोन महिन्यांची सोय. दोघांचेही पगार थांबले तर तिसऱ्या महिन्याचा हप्ता कुठून भरणार? एफडीला हात लावू नका. आणि मुलीच्या खाण्याचे 4,500 आता आयुष्यभराचे आहेत, ते ‘तात्पुरता जादा खर्च’ म्हणून वहीत ठेवू नका. संकटकाळचा निधी मोजताना तेही धरायचे.

कर्जाचं सांगायचं तर तुम्हाला 14 टक्के दर सांगितलाय. दीड लाख, 24 महिने, म्हणजे हप्ता सुमारे 7,200 आणि एकूण व्याज सुमारे 22,850. प्रोसेसिंग फी वेगळी. दर महिन्याच्या शिलकीतला निम्मा भाग दोन वर्षं गेला. क्रेडिट कार्डाच्या ‘नो-कॉस्ट ईएमआय’चाही उल्लेख तुम्ही केलाय. त्यात व्याजाइतकी सूट विक्रेता देतो, पण बँक व्याज लावतेच आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो, वर फी. रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत बऱ्याचदा हातची जाते, ती निराळीच.

आता रिसॉर्टच्या भावाकडे या. खोली 18,500 ची. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की 18. म्हणून तुमची रात्र 21,830 ला पडते, पाच रात्री 1,09,150. एवढ्या भाड्याच्या हॉटेलात जेवणाच्या बिलावरही 18 टक्के लागतात, बाहेरच्या साध्या खानावळीत 5. विमानाचे 44,000 आहेत, कारण दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं तिकीट बहुतेकदा मोठ्यांसारखंच काढावं लागतं. तुमचे यजमान म्हणतात की एलटीएमधून, म्हणजे नोकरीतल्या प्रवासभत्त्यातून, कर परत मिळेल. ती सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आणि फक्त प्रवासभाड्यावर आहे. खोलीचा एक रुपयाही त्यात बसत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप बुफेवर आहे. भाड्यात नाश्ता धरलाय, म्हणजे चार माणसांचे पाच दिवसांचे पैसे आधीच भरले. पुरीच्या टोपल्याशेजारी इडली, उपम्यातला डाव पोह्यांत, टोस्टचा चुरा सगळीकडे. तुमची मुलगी त्यातलं काय निर्धास्तपणे खाणार? आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. एका चमच्याची अदलाबदल तेवढ्याला पुरते. हॉटेलला लेखी विचारा: तवा वेगळा आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का, हिंग कुठला वापरता? फोनवर ‘हो मॅडम, मिळेल’ म्हणणाऱ्याला या तिन्हींची उत्तरं ठाऊक असतील असं धरून 1,85,000 खर्च करू नका. तारे खोलीला मिळालेले असतात, तव्याला नाही.

म्हणून पैसे स्वयंपाकघरावर खर्च करा. मी तुमच्या जागी असते तर फेब्रुवारीत सोमवार ते शुक्रवार तारकर्ली-मालवणला, स्वयंपाकघर वापरू देणारं घरगुती निवासस्थान घेतलं असतं. मुलं इतकी लहान आहेत तोवर शाळेचे चार-पाच दिवस बुडाले तर बिघडत नाही. आणि नाताळाच्या गर्दीचा भाव टाळण्याचा याहून सोपा मार्ग नाही. शिवाय त्या किनाऱ्याचं रोजचं जेवणच तांदळाचं. घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले शिरवाळे, माशाची आमटी-भात, सोलकढी. मुलीला ‘वेगळं ताट’ न मिळता सगळ्यांचंच ताट मिळेल. तिच्या वयात याची किंमत मोठी आहे, आणि मी ती हिशोबात धरते.

तिथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. सुरमई बऱ्याच ठिकाणी रव्यात घोळवून तळतात, तांदळाच्या पिठात घोळवायला सांगा. कोंबडी-वड्यांच्या पिठात अनेक घरी गहू असतो. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठाचा हिंग घरून न्या. आणि तांदळाचं पीठही न्याच, कारण गावच्या गिरणीत आधी कुणाचा गहू दळला गेला हे कोण सांगणार? एक तवा, एक कढई, एक डाव गाडीत टाका.

‘निदान पाच दिवस तरी मला तव्यासमोर उभं राहायचं नाही’ हे तुमचं वाक्य मी खर्चाइतकंच गंभीरपणे घेते. वर्षभर प्रत्येक पुडा उलटून वाचणाऱ्या आईला विश्रांती हवीच. म्हणून घरमालकीण काकूंना किंवा त्यांच्या ओळखीच्या बाईंना आधी फोनवर सगळं समजावून, मुलीचा स्वयंपाक तुमच्या भांड्यांत करून देण्याचे वेगळे पैसे ठरवा. पहिल्या दिवशी तासभर सोबत उभ्या राहा, पुढे यजमानांना उभं करा. इथे घासाघीस करू नका.

माझा अंदाज असा: चार रात्री 4,200 प्रमाणे 16,800, तुमच्याच गाडीचं इंधन आणि टोल 9,000, जेवण आणि काकूंचं मानधन मिळून 14,000, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, मुलांचे खेळ 6,000, घरून न्यायचा शिधा 3,000. झाले 48,800. वर थोडी सैल धरून 55,000. आता ऑक्टोबर चालू आहे. चार महिन्यांची शिल्लक 58,000 होते. एसआयपी न थांबवता, एफडी न मोडता. दर महिन्याचे 14,500 पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर दिवाळी त्यातले निम्मे नेईल.

गोवाच हवा असा मुलांचा हट्ट असेल, तर तेही फेब्रुवारीत होऊ शकतं: स्वयंपाकघर असलेला फ्लॅट, भाडं 7,500 च्या आत, प्रवास गाडीने. फक्त ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशा अटीचं बुकिंग घेऊ नका. लहान मुलांना आदल्या रात्री ताप येतो.

तुमचा दुसरा प्रश्न आरोग्य विम्याचा. प्रीमियम कमी म्हणून 2021 ची फॅमिली पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायची, म्हणजे हलवायची आहे. नव्या अर्जात मुलीचं निदान लिहावंच लागेल. लपवलंत तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. आधीच्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षाकाळ (आधीपासूनच्या आजाराचा दावा मिळायला थांबावी लागणारी मुदत) जुन्या विमारकमेपुरता मोजला जातो, वाढीव रकमेला मात्र नव्याने लागू शकतो, तोही जास्तीत जास्त 36 महिने. शिवाय नवी कंपनी अर्ज नाकारूही शकते. त्यामुळे नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा आणि नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका.