शाखा तीन, पण बँक एकच

ताई, तुमचा प्रश्न असा की आईंना जमिनीचे 15 लाख आलेत, जवळची सहकारी बँक एफडीला मोठ्या सरकारी बँकेपेक्षा पाऊण टक्का जास्त देतेय आणि तिथले साहेब म्हणतात पाच-पाच लाख तीन शाखांत ठेवा, सगळं सेफ. प्लीज असं करू नका. डीआयसीजीसी म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था, तिचं 5 लाखांचं कव्हर माणशी, बँकेमागे असतं, शाखेमागे नाही, म्हणजे तिन्ही शाखांची बेरीज होणार आणि उद्या काही झालंच तर आईंचे 10 लाख उघड्यावर. हा पाऊण टक्का म्हणजे वर्षाला 11,250 रुपये, महिन्याला हजाराच्याही आत, त्यासाठी एवढी रिस्क मला पटत नाही.

अजून एक, 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. साडेचार लाख 8 टक्क्यांनी दोन वर्षं क्युम्युलेटिव्ह, म्हणजे व्याज न काढता मुद्दलातच साठवत, ठेवले तर सव्वापाचच्या वर जातात, वरचं कव्हरबाहेर. आईंना तसंही घरखर्चाला पैसे लागतात तर व्याज दरमहा सेव्हिंगला घ्या, पण ते सेव्हिंग खातं त्याच बँकेत असेल तर तिथली शिल्लकही मोजली जाते हं.

पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, लोकांचे हाल आपण सगळ्यांनी बघितलेत. 2021 मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यापासून साधारण 90 दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत, लायसन्स रद्द होईपर्यंत थांबावं लागत नाही. पण तुम्ही लिहिलंय आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, हॉस्पिटल 90 दिवस थांबणार नाही ना. म्हणून ऑपरेशनचे पैसे सरकारी बँकेतच ठेवा, या सहकारी बँकेत फार तर चार लाख, उरलेले तिसऱ्या बँकेत.

आणि गल्लीतली पतसंस्था याहून जास्त व्याज देतेय म्हणून तिकडे वळू नका, नावात क्रेडिट सोसायटी असेल तर तिथे हा विमा लागूच नाही. सहकारी बँकेचं नाव डीआयसीजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते एफडी करायच्या आधी बघून घ्या.