क्षार म्हंजे बेस की सॉल्ट?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नीटच्या क्लासला जाणाऱ्या एका मुलीनं विचारलंय, की हिंदी व्हिडिओत डीएनएमधल्या ॲडेनिन-ग्वानिनला नायट्रोजनी क्षार म्हणतात, आणि आमच्या मराठी पुस्तकात तर क्षार म्हंजे सॉल्ट, मग डीएनएत मीठ असतं का?

नसतं बाळ. हिंदीत क्षार किंवा क्षारक म्हंजे बेस आणि सॉल्टला लवण. मराठीत बेस म्हंजे आम्लारी, आम्लाचा अरी, शत्रू (किती झकास शब्द आहे हा!), त्यातला पाण्यात विरघळणारा तो अल्क, आणि क्षार म्हंजे सॉल्ट. हिंदीतला शब्द उचलून मराठी वाक्यात ठेवला की अर्थच बदलतो हे शिकवणाऱ्यांना तरी कळायला पाहिजे. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) ७.३५ ते ७.४५, म्हंजे किंचित अल्कधर्मी, आणि हे लोक खुशाल "रक्त क्षारीय असतं" म्हणून लिहून देतात, मराठी पोरानं त्याचा अर्थ खारट रक्त असा घेतला तर चूक कुणाची? आपल्या शिरोळचा शेतकरी बघा, मीठ फुटून पांढरी पडलेली ती क्षारपड आणि सोडियमनं घट्ट झालेली, पीएच साडेआठच्या वर गेलेली ती चोपण, दोन शब्द, दोन रोग, त्याचा कधी घोटाळा होत नाही.

पण खरी मजा पुढंच आहे. मुळात क्षार म्हंजे राखेतला तिखट अल्कच. सुश्रुतानं सांगितलंय, वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि ते पाणी आटवायचं. व्युत्पत्तीही त्यानंच दिलीय, "क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः", म्हंजे झरण्यावरनं नाहीतर इजा करण्यावरनं क्षार. आता काही युरोपी व्युत्पत्तीवाले हा शब्द क्षै, म्हंजे जळणे, या धातूकडं ओढतात. मला हे अजिबात पटत नाही. जळतं तर लाकूड, क्षार हातात येतो तो राखेतनं थेंबथेंब पाझरून, आणि क्षर् म्हंजे पाझरणे, झरणे, झिजणे. माझं तर ठाम मत आहे की चुलीपाशी बसून ते पाणी गाळणाऱ्या माणसानंच हा शब्द घडवलाय, आणि ज्यांनी राख कधी हातात धरली नाही त्यांना तो जळण्यात दिसतो. त्याच क्षर् वरनं अक्षर, न झिजणारं! म्हंजे क्षार आणि अक्षर सख्खे भाऊ, एक झिजवणारा, एक न झिजणारा. प्राकृतात क्षारचे खार आणि छार झाले, छार हिंदीत राख म्हणून राहिला, खार आपल्या पापडात गेला.

आणि अरबी बघा, अल-कली म्हंजे भाजलेल्या झाडाची राख, त्यावरनं अल्कली, त्यावरनं आपला अल्क, त्यावरनंच लॅटिन कॅलियम, म्हणून पोटॅशियमची खूण के! पोटॅश म्हंजेसुद्धा भांड्यातली राख. आमची आज्जी राखेनं तेलकट भांडी घासायची तेव्हा त्या राखेतलं पोटॅशियम कार्बोनेटच तेलाचा थोडा साबण करायचं, आणि तोच पोटॅशियम तुमच्या बायोलॉजीत चेतापेशीतनं (नर्व्ह सेल) आतबाहेर करत असतो.

हां, डीएनएचं राहिलंच. ॲडेनिनमधला नायट्रोजन प्रोटॉन पकडू शकतो म्हणून तो बेस, आणि फॉस्फेटमुळं अख्खा डीएनए मात्र आम्ल. पेपरात नायट्रोजनयुक्त आम्लारी लिही, क्षार लिहू नकोस.