घरातली बालवाडी : ‘अँग्री’च्या खाली काय दडलंय?

*बाई, माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. उत्तरायणाला गच्चीवर त्याचा पहिलाच पतंग कापला गेला, तेव्हा त्याने फिरकी आपटली आणि धरायला आलेल्या आजोबांच्या हातावर चापट मारली. आता सुट्टीत सापशिडी असो की पत्ते, हरला की तेच. काय झालं विचारलं की म्हणतो, ‘आय ॲम अँग्री.’ सासरे म्हणतात, लाडाने बिघडलाय. कडक व्हावं की दुर्लक्ष करावं? — एक आई, मांजलपूर*

त्या गच्चीवरच परत जाऊ या. १४ जानेवारीची आपली बडोद्याची गच्ची तुम्हाला वर्णन करून सांगायला नको. सगळी बिऱ्हाडं वर आलेली, स्पीकर, चिक्की, उंधियूचे डबे, आणि कुणाचाही पतंग कटला की चारी बाजूंनी ‘काप्यो छे!’ची आरोळी आणि पिपाण्या. मोठ्यांना त्यात निव्वळ मजा वाटते. पण तुमच्या मुलाने पतंग निवडून आणले असतील, किन्ना बांधायला शिकला असेल, आणि त्याचा पहिलाच पतंग वर चढतो न चढतो तोच आजूबाजूच्या गच्च्या त्याच्या हरण्यावर ओरडल्या. त्या क्षणी तो चिडला होता असं मला वाटत नाही. आधी तो ओशाळला. मग हिरमुसला. हे दोन्ही पेलेना, तेव्हा हात उठला. ओशाळणं कुणी पाहिलं नाही, चापट मात्र सगळ्यांना दिसली.

त्याच्यापाशी शब्द एकच आहे, ‘अँग्री’. शाळेत भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता असतो: हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. खाली खेळायला गेला की ‘गुस्सो आव्यो’. आणि घरातलं मराठी ‘हात धू, दूध पी, बस येईल’ एवढ्यावर आलेलं असतं. हा दोष मी तुम्हाला देत नाही. मी ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं, आणि दर वर्षी मुलांच्या तोंडचे हे शब्द कमी होताना पाहिले. माझी आई दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत राहून दिवसभरात किती शब्द वापरायची! खट्टू झाली, रुसून बसला, कावराबावरा झालाय, कानकोंडं वाटलं, धास्ती घेतली, चुटपुट लागली, हुरहुर वाटते, हेवा वाटला, खजील झाला. यातला प्रत्येक शब्द म्हणजे वेगळं दुखणं आहे, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. रुसलेल्याची समजूत काढावी लागते. वैतागलेल्याला थोडा वेळ एकटं सोडावं लागतं. हिरमुसलेल्याच्या शेजारी कुणीतरी न बोलता बसावं लागतं. आणि ओशाळलेल्याला चार लोकांच्या नजरेआड न्यावं लागतं. सगळ्याला आपण ‘राग’ म्हटलं, तर रागाचंच औषध देणार: दटावणं. ओशाळलेल्या मुलाला लोकांसमोर दटावलं तर त्याचं ओशाळणं दुप्पट होतं. मला वाटतं, तुमच्याकडे हरल्यावर दर वेळी हेच होत असणार.

शब्दाने खरंच फरक पडतो का, असं पालक मला नेहमी विचारतात. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने एक प्रयोग केला होता. मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या, धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. तो प्रयोग मोठ्यांवरचा. मुलांच्या बाबतीत मला जूडी डन या ब्रिटिश संशोधिकेचं काम जास्त जवळचं वाटतं, कारण त्यांनी घरात बसून घरातलं बोलणं टिपलं. १९९१ साली त्यांनी मांडलं, की ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलाशी भावनांबद्दल जास्त बोललं जात होतं, त्या घरांतल्या मुलांना साडेसहाव्या वर्षी दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते अधिक चांगलं ओळखता येत होतं. लक्षात घ्या, त्या घरांत कुणी तक्ते लावून धडे घेत नव्हतं. स्वयंपाक करता करता, भांडण सोडवता सोडवता जे बोलणं होतं, तेच.

आता हरण्याच्या क्षणी काय करायचं? हात उठला तर हात धरा. आवाज न चढवता म्हणा, ‘मारू द्यायची नाही मी.’ इथे ढिलाई नको, हे सासरेबुवांचं म्हणणं मला मान्य आहे. मग त्याला तिथून बाजूला, जिन्यात किंवा दुसऱ्या खोलीत न्या आणि गप्प बसा. त्या वेळी त्याला काही समजावू नका. उसळलेल्या मुलाच्या कानात उपदेश शिरत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर विषय काढा. ‘तू रागावला होतास’ असं ठरवून सांगू नका, विचारा: ‘सगळे ओरडले तेव्हा तुला ओशाळल्यासारखं झालं का रे?’ शब्द चुकला तर तो स्वतःच म्हणेल, नाही, तसं नाही. ते ‘तसं नाही’ ऐकायला मिळालं तर खूप मिळालं, कारण मग तो आत डोकावून पाहायला लागलाय.

आणि रोज सापशिडी खेळा. मुद्दाम हरू नका. त्याला ते कळतं आणि अपमान वाटतो. तुमची सोंगटी सापाच्या तोंडी जाईल तेव्हा मोठ्याने बोला: ‘अरे देवा, ९८ वरून खाली! वैतागच आला मला. थांब, जरा पाणी पिते, मग खेळू.’ पाणी प्या आणि या. आईलाही वैताग येतो, ती पाणी पिऊन परत येते आणि डाव पुढे चालू राहतो, हे त्याला अशा पन्नास वेळा दिसायला हवं. उपदेशाने हे होत नाही.

सासऱ्यांना माझं काही वाचून दाखवू नका. त्यांना एवढंच विचारा, ‘बाबा, तुमचा पतंग पहिल्यांदा कटला तेव्हा तुम्ही काय केलं होतंत?’ नातवाला शेजारी बसवून विचारा. त्यांच्याकडे आठवण नक्की असेल, आणि तुमच्या मुलाला सध्या माझ्या सल्ल्यापेक्षा त्या गोष्टीची जास्त गरज आहे.

*२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आता सहावं चालू आहे. वीज चमकली की दप्तर, बाहुली, चपला सगळं पलंगावर नेऊन ठेवते आणि रात्रभर विचारते, पाणी येणार का? मगर येणार का? आम्ही सांगतो की काही होत नाही, झोप. तरी थांबत नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. — एक आई, विश्वामित्रीच्या काठची*

‘काही होत नाही’ हे आधी बंद करा. तिच्या घरात झालं आहे. विश्वामित्रीचं पाणी खरंच आत आलं होतं, मगरी खरंच वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, वनखात्याच्या लोकांनी त्या पकडून नेल्या, हे तिने खिडकीतून किंवा मोबाइलवर पाहिलं असणार. जे तिने डोळ्यांनी पाहिलं ते आपण नाकारलं, की तिची भीती जात नाही. फक्त तुमच्या बोलण्यावरचा तिचा विश्वास कमी होतो. मग ती दहा वेळा विचारते, कारण पहिल्या नऊ उत्तरांवर टेकायला जागा मिळत नाही.

खरं सांगा, आणि पूर्ण सांगा. मुलांच्या डोक्यात पुराची गोष्ट अर्धीच राहिलेली असते. पाणी चढत होतं तिथेच ती थांबते. ‘पाणी आलं. बाबांनी तुला खांद्यावर घेतलं. आपण वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे राहिलो. त्यांनी खिचडी दिली. मग पाणी उतरलं. आपण चिखल काढला, गादी टाकून दिली, भिंत रंगवली.’ तुमच्या घरी जसं घडलं असेल तसंच सांगा, पण ‘उतरलं’पर्यंत सांगा. ती बाहुल्या घेऊन पूर-पूर खेळत असेल तर खेळू द्या, घाबरून थांबवू नका. आमच्या बालवाडीत पुरानंतर कितीतरी दिवस मुलं पाण्याच्या घंगाळ्यात गाड्या बुडवायची आणि वर काढायची. मला आधी ते बघवत नसे. मग लक्षात आलं, की बुडवण्यापेक्षा वर काढण्यातच त्यांचा जास्त वेळ जातोय.

आणि ती दप्तर पलंगावर नेते, त्याला वेड समजू नका. ती तयारी करते आहे! तिला त्या तयारीत एकटी ठेवू नका. दोघी मिळून एक ‘पावसाची पिशवी’ भरा: टॉर्च, बिस्किटं, कोरडे कपडे, बाहुली, घरातल्या कागदांची झेरॉक्स. ती कुठे टांगायची ते तिला ठरवू द्या. फाटकाजवळच्या पायरीवर खडूने रेघ मारा आणि पाऊस पडला की तिलाच बघायला सांगा, पाणी रेघेला लागलंय का? ज्या भीतीला मोजमाप मिळतं, ती मुलांना धरता येते. रात्री छाती धडधडली तर गरम वरणावर घालतो तशी लांब, सावकाश फुंकर घालायला शिकवा. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती खाली येते. शब्दही द्या: हिला म्हणतात धास्ती. ती ढगांबरोबर येते आणि ढगांबरोबर जाते.

कोरड्या दिवसांत एखाद्या सकाळी कमाटीबागेला जा. फुलांचं घड्याळ बघा, आणि येताना काळ्या घोड्याकडच्या पुलावर तिचा हात घट्ट धरून थोडं थांबा. नदी खाली, आपल्या जागेवर आहे. तिला नको असेल तर तसेच परत या. पुढच्या वेळी पुन्हा.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, किंवा पावसात शाळेत जाणं बंद झालं, तर मात्र वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगून बालमानसतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

*नात चार वर्षांची आहे. हळदीकुंकवाला बायका आल्या की आईच्या पदराआड. नमस्कार कर म्हटलं तर रडते. लोक म्हणतात, वळण नाही. — एक आजी, राजमहाल रोड*

आजी, न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून थॉमस आणि चेस या पतिपत्नींनी मुलांच्या स्वभावांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली, जी नवीन माणसं, नवीन जागा दिसल्या की आधी मागे सरतात आणि आपल्या वेळेने पुढे येतात. हा जन्मजात स्वभाव आहे, वळणाचा प्रश्न नाही. तुमच्या लेकी-सुनांमध्येही एखादी अशी असेल, आठवून बघा.

फक्त एक जपा. मघाशी मी भावनेला नाव द्या म्हटलं, पण मुलीला नाव देऊ नका. ‘तुला बुजल्यासारखं झालंय, हो ना?’ हे तिच्या कानात म्हणा. ‘आमची बुजरीच आहे’ हे बायकांसमोर म्हणू नका, कारण ते ती आयुष्यभर खरं करून दाखवेल. गर्दी व्हायच्या आधी तिला दिवाणखान्यात आणा, आणि हातात काम द्या: गुलाबदाणी. अत्तर-गुलाबपाणी शिंपडताना नमस्कार करावा लागत नाही, बोलावं लागत नाही, आणि प्रत्येकजण तिच्याकडे बघून हसतो. नमस्कार पुढच्या वर्षी.

*मकरपुऱ्यात कारखान्यात आहे. शिफ्ट करून येतो, मुलांनी आवाज केला की ओरडतो, नंतर वाईट वाटतं. मुलांची माफी मागावी का? वडील म्हणतात, धाक जाईल. — एक बाबा, तरसाली*

मागा. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या हालचाली क्षणाक्षणाने तपासल्या, तेव्हा चांगल्या, मायाळू आयांचाही सूर बाळाशी फार तर तीस टक्के वेळ जुळलेला दिसला. उरलेला सगळा वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो, आणि मूल त्या जुळवण्यातूनच शिकतं, की बिघडलेलं नीट होतं. तुमच्या मुलांकडे त्यासाठी किट्टा आणि बुच्चा आहे. सकाळी बोट दाखवून तोडतात, दुपारी जोडतात. तुमच्याकडून त्यांनी मोठेपणाची पद्धत बघायची आहे.

‘पण तुम्हीच आवाज करत होता ना’ हे वाक्य त्यात घालू नका, माफी तिथेच वाया जाते. ‘मी ओरडलो. मला कामावरचा वैताग होता, तो तुमच्यावर काढला. ते चुकलं.’ एवढंच. रविवारची वाट पाहू नका. त्याच रात्री, दिवा मालवायच्या आधी, त्यांच्या अंथरुणाशी खाली बसून सांगा. आणि उद्यापासून घरात शिरलात की आधी हातपाय धुवा, दहा मिनिटं चहा घ्या. मुलांनाही सांगून ठेवा: ‘बाबा आत्ता वैतागलेले आहेत, चहा झाला की येतील.’ चहा झाला की मात्र खरंच त्यांच्याकडे जा.