पोळ्यात झडत्या म्हणतो, वर्गात तोंड उघडत नाही

प्रश्न: मावशी, मी नेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. यंदा अमरावतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव टाकलं. दोन महिने झाले, वर्गात कोणाशी धड बोललो नाही. एकदा केमिस्ट्रीच्या तासाला हिंमत करून उभा राहिलो आणि "सर, मले नाई समजलं" म्हटलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. सरांनी पुन्हा समजावलं, पण माझं ध्यान कुठं होतं? तेव्हापासून हजेरीलाही आवाज निघत नाही. डबा रूमवर येऊन एकटाच खातो. दर शनिवारी एसटीनं घर गाठतो. पोळ्याला गेलो तर परत यायचं मनच होईना. तोरणाखाली बैलांपुढं मोठ्यानं म्हणायच्या यमकाच्या ओळी, म्हणजे झडत्या, यंदाही मीच म्हटल्या. अख्खं गाव उभं होतं, तिथं काही वाटलं नाही. बाबा म्हणतात, जमत नसेल तर जवळच्या कॉलेजात ये. जाऊ का?
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर: बाबू, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? झडत्या. तू त्या ओझरत्या लिहून टाकल्यास, मी मात्र तिथंच अडकले. चारशे माणसं, बैलांच्या घुंगरांचा कल्ला, समोरच्या आळीचा पोरगा उलट झडती टाकायला टपलेला, आणि त्यात तू सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतोस! म्हणजे आवाज शाबूत आहे. गावात समोरचा प्रत्येक माणूस तुला ठाऊक असतो, कोण हसेल आणि कोण "वा रे पठ्ठे" म्हणेल तेही ठाऊक असतं. वर्गातली ती शंभर-सव्वाशे डोकी अजून अनोळखी आहेत, एवढंच.

मी स्वतः 1985 साली खेड्यातून अमरावतीत शिकायला आले. तेव्हा विद्यापीठ दोन वर्षांचं होतं, नाव नुसतं 'अमरावती विद्यापीठ'. पहिले बारा दिवस मी रोज कॉलेजात जात होते आणि रोज गैरहजर लागत होते. मी "हजर" म्हणायचे ते माझ्या पदराला ऐकू जायचं. वर डोक्यावर खडखडणारा पंखा. तेराव्या दिवशी सरांनी विचारलं, "हे एकशे बारा नंबर कोण आहे? लग्न होऊन गेली काय?" मी उभी राहिले आणि रडले. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसू लागले. हिंमत आली म्हणून नाही, 75 टक्के हजेरीच्या धाकानं. तिथं पुटपुटलं तरी सरांना ऐकू जायचं. तूही तेवढं कर, बाक बदल.

पुढं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक झाले आणि 31 वर्षं पहिल्या वर्षाची पोट्टी पाहिली. त्यांच्या दोस्त्या वर्गात झालेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत, झाल्या त्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये. तिथं वीसेक जण असतात आणि बोलल्यावाचून चालत नाही. टायट्रेशन घे, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून मोजायचं. एकानं ब्युरेटची, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचनळीची, तोटी सांभाळायची, दुसऱ्यानं फ्लास्क हलवत रंगाकडे पाहायचं. रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थेलिनची फिकी गुलाबी छटा टिकली की पाहणाऱ्यानं "थांब!" म्हणायचं. नाही म्हटलं तर एका थेंबात सगळं गडद आणि पुन्हा पहिल्यापासून. एक पोरगा होता, अख्खं सत्र मी त्याच्या तोंडून "थांब" सोडून दुसरा शब्द ऐकला नाही. दिवाळीनंतर तो आणि त्याचा जोडीदार एकाच सायकलवर यायचे. तेव्हा सव्वाशे जणांचा नाद सोड. ब्युरेटपलीकडच्या एकालाच विचार, "डबा कुठं खातोस?"

आता त्या "मले"बद्दल. हसणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. पण सरांनी पुन्हा समजावलं, हे तूच लिहिलंस. मागच्या बाकांवरच्या किती जणांना ते मुळात समजलं नव्हतं, कोणास ठाऊक! आणि हे बघ, आता आपल्या विद्यापीठाला आणि म्हणून तुझ्या पदवीवर ज्यांचं नाव येणार आहे ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नामागून प्रश्न, तेही ठेठ वऱ्हाडीत, आणि समोरची गर्दी उत्तरं द्यायची. लेखी परीक्षेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लिहावी लागेल, ती शिकच. शंका विचारायला मात्र "मले" पुरेसं आहे. उभं राहवत नसेल तर प्रश्न वहीत लिही आणि तास संपल्यावर सरांना गाठ.

शनिवारची एसटी एक आठवड्याआड कर. रविवारी मुलं रूमवर खिचडी टाकतात, मॅच खेळतात, आणि सोमवारी त्याच्याच गप्पा चालतात. तू दर सोमवारी पाहुण्यासारखा परततोस. कापूस वेचणीला मजूर मिळेनासा झाला की मात्र खुशाल जा, तेव्हा घरी तुझी गरज असते. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव दे. वर्षाचे 120 तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर खेड्यात. तिथं फावडं कसं धरायचं हे शहरातली पोरं तुलाच विचारतील.

बाबांना सांग, पहिल्या सत्राची परीक्षा होऊ दे. त्यानंतरही तब्येत खालावत असेल तर जवळच्या कॉलेजात जाण्यात काही कमीपणा नाही. माझ्या मते दोन महिन्यांवर निकाल लावू नये. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला, तर सत्र संपायची वाट पाहू नकोस. आईला सांग आणि 14416 वर फोन कर. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि यंदा कोणती झडती म्हटलीस ते लिहून पाठव. आमच्याकडे कापसाच्या भावावरची एक होती. शेवटचं "एक नमन गौरा पारबती, हर हर महादेव" तेवढं आठवतं, मधली ओळ काही केल्या आठवत नाही.