तीन मिनिटं, एक पुस्तक : वाचकांचे प्रश्न

निसर्गावरचं तुमच्या आवडीचं एक पुस्तक तीन मिनिटांत, स्वतःच्या आवाजात सुचवा आणि ते रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवा, असं आवाहन आम्ही गेल्या अंकात केलं होतं. त्यावर आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

मारुती चितमपल्लींचं पुस्तक निवडलं तर चालेल का? सगळे तेच निवडतील असं वाटतं. (जुळे सोलापूर)

खुशाल निवडा. सोलापुरात जन्मलेल्या आणि २००६ साली इथल्याच साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेल्या लेखकावर सोलापूरकरांनी बोलायलाच हवं. फक्त ‘चितमपल्ली वाचा’ एवढ्यावर थांबू नका. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र आहे, सलग वाचण्याचं. ‘पक्षिकोश’ गरज पडेल तसा उघडायचा. हा फरक सांगितला नाही, तर गोष्टी वाचायच्या म्हणून कुणी कोश विकत आणेल आणि दोन पानांत मिटून ठेवेल. पुस्तक कुणासाठी आहे, कुठून सुरुवात करावी आणि कुठे जड जातं, हे तिन्ही सांगा. पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशनाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा घ्या. ऐकणाऱ्याच्या हातात दर वेळी कागद-पेन असतंच असं नाही.

माझ्याकडे पक्षी ओळखण्याचं चित्रांचं पुस्तक आहे. चित्रं आवाजात कशी सांगू? (बार्शी)

सगळं पुस्तक सांगू नका, एकच पान घ्या. समजा टिटव्यांचं पान आहे. आपल्याकडे पाण्याच्या आसपास दिसते ती डोळ्यापुढे लाल गाठ असलेली टिटवी. कोरड्या माळावर दिसते ती माळटिटवी : डोक्यावर काळी टोपी आणि चोचीच्या मुळाशी पिवळी गाठ. पाय दोघींचेही पिवळेच, त्यामुळे पायांवरून ओळखायला गेलात तर फसाल. तुमच्या पुस्तकातलं चित्र गाठीचा रंग नीट दाखवतं का? माळ आणि पाणवठा हा फरक मजकुरात आहे का? एवढं सांगितलंत तरी पुस्तकाची पारख झाली. छपाईत रंग उतरले असतील तर तेही सांगा. अशा पुस्तकात तो मोठाच दोष आहे.

शेजारी यंत्रमाग आहेत, घरात आवाज घुमतो. रेकॉर्डिंग कसं करू? (साखर पेठ)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. घुमतं ते उघड्या भिंती आणि फरशीमुळे. तोंडासमोरच्या भिंतीवर आणि पाठीमागे जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा, खाली सतरंजी घाला. चादरीने घुमणं कमी होतं, पण मागाची खडखड अडत नाही. त्यासाठी माग बंद असतील ती वेळ साधा. तेही जमत नसेल तर आतली खोली घ्या, खिडक्या लावा आणि फोन जवळ आणा. फोनचं अंतर वीतभरावरून अर्ध्या वितीवर आणलं, की बोलणं सुमारे ६ डेसिबलने वाढतं. खडखड तेवढीच राहते.

फोन जवळ आला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटकारा माइकवर बसतो. म्हणून फोन तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरा. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला असतो, तिथे बोट आलं तर आवाज गुदमरतो. पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, तेव्हा पहाटेच उरकून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहा. त्या शांततेतला खोलीचा आवाज आम्हाला सफाई करताना उपयोगी पडतो. आधी थोडंसं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. फार मोठ्याने बोलल्यामुळे आवाज फाटला असेल तर तो नंतर दुरुस्त होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर माइकचं बटण दाबून बोलू नका, त्यात आवाज फार दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करा आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) मिनिटाला साधारण १ एमबी होते, म्हणजे तीन मिनिटांची फाइल सहज जाते.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. माझं मराठी तसं ऐकू येईल, चालेल का? (अशोक चौक)

चालेल, आणि आम्हाला ते हवंच आहे. पक्ष्या-झाडांची घरातली नावंही सांगा. माळढोकाला तेलुगूत बट्टमेक म्हणतात, हे मराठी श्रोत्याला कळू दे.

पुस्तकातला उतारा वाचू का? मागे पक्ष्यांचे आवाज लावू का? (मंगळवेढा)

चार-पाच ओळी वाचा, लेखकाचं नाव घ्या आणि त्या ओळी का निवडल्या ते सांगा. परीक्षणासाठी थोडकं उद्धृत करायला कायद्यात मुभा आहे. अख्खं प्रकरण वाचायला नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो.

इंटरनेटवरून उतरवून घेतलेले पक्ष्यांचे आवाज मागे लावू नका. ती रेकॉर्डिंगही कुणाच्या तरी मालकीची असतात, शिवाय बोलणं त्यात बुडतं. नान्नजच्या माळावर, म्हणजे सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, उभं राहून बोलायचा मोहही टाळा, वाऱ्याने माइक नुसता घोंगावतो. आणि स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू तर अजिबात नका. विणीच्या काळात तो आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून खाणं आणि घरटं सोडून धावतो. एखादं घरटं पाहिलं असेल तर बोलताना त्याची जागाही सांगू नका.

फाइलला पुस्तकाचं नाव आणि तुमचं गाव द्या. ‘रेकॉर्डिंग १’ नावाच्या फाइली एकमेकींत मिसळतात.