रिअ‍ॅक्टमधले वेब अ‍ॅप एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कसे बसवावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टेरी टॉवेल कारखान्यासाठी रिअ‍ॅक्ट आणि व्हीट ही जावास्क्रिप्टची साधने वापरून तुम्ही जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) व दर काढण्याचे छोटे अ‍ॅप केले आहे. तेथील संगणकाला इंटरनेट नाही, म्हणून ते पेन ड्राइव्हने नेऊन डबल क्लिकने चालवायचे आहे, परंतु बिल्डनंतरच्या, म्हणजे व्हीटने कोड बांधून तयार केलेल्या, डिस्ट फोल्डरमधली इंडेक्स फाइल उघडली की नुसते पांढरे पान दिसते. मी सोलापुरातच यंत्रमाग कारखान्यांसाठी अशी लहान सॉफ्टवेअर करतो. तुमच्या कामाला एकाच फाइलचा मार्ग योग्य आहे असे माझे मत आहे, फक्त त्यासाठी अ‍ॅप सर्व्हरकडून गुपचूप काय काय मागून घेते ते एकेक करून शोधावे लागते.

पांढऱ्या पानाची कारणे दोन आहेत आणि पहिले दूर केल्यावरच दुसरे दिसते. व्हीट मूळ पत्ता तिरक्या रेघेपासून धरतो, त्यामुळे फाइल थेट डिस्कवरून उघडल्यावर ब्राउझर असेट्स फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी शोधतो आणि तेथे ते नसते. सेटिंगमध्ये बेस बदलून पत्ता सापेक्ष केला, तरी पान कोरेच राहते, कारण व्हीटने लावलेला स्क्रिप्ट टॅग मॉड्यूल प्रकारचा असतो, आणि डिस्कवरून उघडलेल्या पानाला क्रोम बाहेरची मॉड्यूल फाइल आणू देत नाही. एफ१२ दाबून कन्सोल पाहिल्यास तेथे सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची फाइल आणण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाची, लाल ओळ दिसेल. कोड पानातच लिहिलेला असेल, तर मात्र ही अडचण उरत नाही.

हे काम व्हीट-प्लगइन-सिंगलफाइल नावाचे प्लगइन करते. ते बसवून व्हीटच्या कॉन्फिग फाइलमध्ये जोडले, की सगळे जावास्क्रिप्ट आणि सीएसएस इंडेक्स फाइलच्या आत येते. व्हीट एरवी ४ केबीपेक्षा लहान असेट्सच कोडमध्ये सामावतो. ती मर्यादाही प्लगइन उठवते. पब्लिक फोल्डरमधल्या फाइलींना मात्र व्हीट हातच लावत नाही, त्या जशाच्या तशा शेजारी ठेवल्या जातात. कारखान्याचा लोगो तेथे असेल तर तो सोर्स फोल्डरमध्ये हलवून कंपोनंटमध्ये इम्पोर्ट करावा. चित्रे बेस६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, आत जातात आणि त्या रूपात आकार एकतृतीयांशाने वाढतो, म्हणजे ३०० केबीचा फोटो ४०० केबीचा होतो. टॉवेलच्या डिझाइनचे फोटो असतील तर ते आधी लहान करून घ्यावेत.

प्लगइन न वापरता नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) चालणारी छोटी स्क्रिप्ट स्वतः लिहून हे करणारेही बरेच आहेत. त्यांना तीन ठिकाणी ठेच लागते. इंडेक्स फाइलमधला टॅग जावास्क्रिप्टच्या रिप्लेस या फंक्शनने काढून त्याजागी कोड भरताना, कोडमध्ये डॉलर चिन्हापुढे अँपरसँड किंवा अवतरणचिन्ह आले, तर रिप्लेस त्याचा वेगळाच अर्थ लावतो आणि पानाचे तुकडे कोडच्या मधोमध घुसतात. मिनिफाय केलेल्या, म्हणजे आकार कमी करण्यासाठी आखडलेल्या, कोडमध्ये डॉलर चिन्हे भरपूर असतात, म्हणून रिप्लेसला मजकूर न देता तो मजकूर परत करणारे फंक्शन द्यावे. दुसरे म्हणजे, कोडमधल्या एखाद्या स्ट्रिंगमध्ये स्क्रिप्टचा बंद टॅग असेल तर ब्राउझर स्क्रिप्ट तेथेच संपली असे समजतो. त्या टॅगमधल्या तिरक्या रेघेआधी उलटी रेघ घालावी. आणि मॉड्यूल हा प्रकार काढून टाकला असेल, तर स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी ठेवावी, नाहीतर ती रूट घटक तयार होण्याआधीच चालते.

मराठी मजकूर असलेल्या अ‍ॅपसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, जी इंग्रजी अ‍ॅप करणाऱ्यांना सहसा जाणवत नाही. यूटीएफ-८ हा अक्षरसंच सांगणारा मेटा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावा लागतो. सर्व्हरवर अक्षरसंच बहुधा हेडरमधून कळतो, पण डिस्कवरच्या फाइलला हेडर नसते. सगळे सीएसएस जर त्या टॅगच्या आधी भरले गेले, तर 'ताणा' आणि 'बाणा' यांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसू शकते. तो टॅग हेडमध्ये अगदी पहिला ठेवावा. गुगल फॉन्ट्सची लिंक काढून टाकावी. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा देवनागरी फॉन्ट संगणकात असतोच, दरपत्रकाला तो पुरेसा आहे.

सुताचे दर तुम्ही जेसन फाइलमधून (माहिती साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) फेच करता, म्हणजे अ‍ॅप चालू असताना मागवता, असे लिहिले आहे. ते डिस्कवरून चालणार नाही; ती फाइल इम्पोर्ट केली की आपोआप कोडचा भाग होते. राउटिंगसाठी, म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी, ब्राउझरराउटरऐवजी पत्त्यातला फक्त # नंतरचा भाग बदलणारा हॅशराउटर घ्यावा, कारण डिस्कवरच्या पानाचा पत्ता हवा तसा बदलण्यास क्रोम नकार देतो.

आता खरी काळजी घेण्याची गोष्ट. कोड फाइलबरोबर फिरतो, नोंदी फिरत नाहीत. लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली नोंदी ठेवण्याची जागा, डिस्कवरच्या पानासाठी कसे वागावे याचा पक्का नियम नाही; फाइलचे नाव किंवा जागा बदलली तर जुन्या नोंदी दिसेनाशा होऊ शकतात, आणि दुसऱ्या संगणकावर तर त्या नसतातच. म्हणून 'नोंदी जतन करा' असे बटण द्यावे, जे ब्लॉबच्या (ब्राउझरने स्वतःच्या स्मृतीत तयार केलेल्या फाइलच्या) साहाय्याने जेसन फाइल उतरवून देईल, आणि तीच फाइल निवडून परत भरण्याचीही सोय ठेवावी. या दोन्ही गोष्टी सर्व्हरशिवाय चालतात. जेरेमी रस्टन यांचे टिडलीविकी हे नोंदवहीचे सॉफ्टवेअर २००४ पासून एकाच एचटीएमएल फाइलमध्ये चालत आले आहे, पण त्यातही बदललेली नोंदवही पुन्हा फाइल म्हणून जतन करावीच लागते.

मालकांच्या दृष्टीने एक धोका आहे. नफ्याची टक्केवारी कोडमध्ये असेल आणि ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाकडे गेली, तर सोर्स उघडून ती कोणालाही वाचता येते. मिनिफाय केल्याने ती फक्त अडगळीत पडते, लपत नाही. नफा वापरणाऱ्याने पडद्यावर भरावा, किंवा गिऱ्हाइकासाठी वेगळे बिल्ड करावे. ईमेलने पाठवायची वेळ आली तर डिस्ट फोल्डरची झिप करू नये, कारण जीमेल २०१७ पासून जेएस फाइली अडवते, झिपच्या आतल्यासुद्धा. फोनवर उघडण्याचा भरवसा मी देणार नाही: आयफोनवर ही एचटीएमएल फाइल नुसत्या पूर्वदर्शनात उघडते आणि तेथे जावास्क्रिप्ट चालेल असे गृहीत धरू नये.

पाठवण्याआधी फाइल एकटीच रिकाम्या फोल्डरमध्ये हलवा, वायफाय बंद करा आणि एफ१२मधला नेटवर्क भाग उघडा ठेवून पान चालू करा. त्या यादीत मूळ फाइल आणि डेटा या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी यांखेरीज काही दिसले, तर ते अजून बाहेरून मागितले जात आहे. मग ३० बाय ६० इंची, ५०० ग्रॅमचा टॉवेल भरून पाहा. जीएसएम ४३०च्या आसपास यायला हवा. पडद्याच्या कोपऱ्यात बिल्डची तारीख आणि दर कोणत्या दिवसाचे आहेत तेही छापा, कारण पेन ड्राइव्हने गेलेली फाइल परत बोलावता येत नाही आणि सुताचा भाव वाढल्यावरही कोणीतरी मागच्या महिन्याच्या फाइलवरूनच दर सांगत बसतो.